परग्रहावरची गिनती

१४ मे २०१९ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या थोरल्या मामांनी परग्रहावरच्या ऐंशी सैनिकांच्या तुकडीची सूत्रे हाती घेतली आणि पहिला हुकूम सोडला, "बसा." माझ्या खेळात बसण्याची सोय नव्हती. माझे सैनिक धावू शकत, उड्या मारू शकत, दोन्ही हातांनी प्रकाशाच्या गोळ्या झाडू शकत. पण आजपासून तीनशे वर्षांनी, एका तांबड्या ग्रहावर, कुणाला बसावेसे वाटेल हे मी गृहीत धरले नव्हते. मामांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले. "रातभर चालत आलेली पोरं हायत ही. उभी कावून ठेवलीस?" ती रातभर चालत आली आहेत हे तुम्हाला कुणी सांगितले, असे मी विचारले. मामा म्हणाले, "बुटावर धूळ हाय की." ती धूळ मीच रंगवली होती, शोभेसाठी.

युद्धाचा खेळ इतक्या गांभीर्याने खेळणारा आणि त्यात युद्ध इतके कमी करणारा दुसरा माणूस बीड जिल्ह्यात नाही, आणि उरलेल्या सूर्यमालेत असण्याची शक्यताही मला फारशी वाटत नाही. मामा अठ्ठावीस वर्षे फौजेत होते आणि सुभेदार होऊन परतले होते. गावात त्यांचे नाव कुणी घेत नसे. पोस्टमनपासून बैलांपर्यंत सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणून ओळखत. फौजेत नेमके काय केले, असे कुणी विचारले की ते अत्यंत निराशाजनक उत्तर देत. "मोजली. मानसं मोजली, चपात्या मोजल्या, घोंगड्या मोजल्या." ऐकणाऱ्याला तोफा हव्या असत. मामा त्याला घोंगड्यांची घडी कशी घालावी हे सांगत.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि गावच्या सहकारी दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली होती. व्यवस्थापक म्हणून मामांची नेमणूक झाली, कारण पहाटे चार वाजता उठण्याची तयारी दुसऱ्या कुणाचीच नव्हती. पहिल्या आठवड्यातच त्या छावणीत आणि एखाद्या पलटणीत फक्त शिंगांचा फरक उरला. रोज सकाळी सहाला गिनती होई. दावणीला उभ्या असलेल्या सहाशे बारा जनावरांपुढून मामा वही घेऊन चालत आणि प्रत्येक जनावराच्या कपाळाकडे पाहून 'हजर' अशी खूण करत. मंगळवारी आजाऱ्यांची परेड असे. घरच्या पूजेला एका दिवसासाठी गाय न्यायची असेल तर रजेचा अर्ज लागे, त्यात गाईचे नाव, जाण्याचे ठिकाण आणि परतण्याची तारीख. मागच्या ओळीतल्या कोंडाबाईंनी एकदा वैतागून सांगितले, "मह्या गाईला सही येत न्हाई, सुभेदार." मामा वहीतून डोके वर न काढता म्हणाले, "मंग अंगठा." कोंडाबाईंच्या अर्जावर शेणात बुडवलेल्या खुराचा ठसा मी स्वतः पाहिला आहे. रजा मंजूर झाली होती.

मी त्या छावणीत का होते, हेही सांगायला हवे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी स्वतःच्या बळावर खेळ लिहायला शिकले होते आणि पुण्याच्या एका कंपनीने मला संधी देऊ केली होती. एकतीस मेपर्यंत चालता खेळ आणि तो दहा माणसांना खेळायला दिल्याची नोंद पाठवायची होती. माणूस कंटाळून स्वतःहून उठेपर्यंतचा वेळ मोजायचा. सरासरी वीस मिनिटांच्या वर जायला हवी. ती नोकरी मिळाली नाही तर जूनपासून वडवणीच्या एका शिकवणीत दहावीला विज्ञान शिकवायचे, हे घरी ठरून गेले होते. बीडच्या घरी विजेचा भरवसा नव्हता. मामांच्या दूध संस्थेत मात्र इन्व्हर्टर होता आणि दूध शीत करण्याच्या खोलीत कुणी येत नसे, कारण शीत करण्याजोगे दूधच उरले नव्हते. त्या रिकाम्या स्टीलच्या टाकीशेजारी टेबल टाकून मी परग्रह रचत बसले. पहिल्या सहा माणसांची सरासरी अकरा मिनिटे भरली. संस्थेचे सचिव तर चार मिनिटांत उठले. "यात मी कुठं हाय तेच दिसंना," अशी त्यांची तक्रार होती. सातवे मामा.

माझ्या खेळाची कल्पना साधी होती. तांबड्या ग्रहावर दोन वसाहती, मध्ये बर्फाची एक खाण. खाण शत्रूकडे आहे, ती जिंकायची. आपण सेनापती. अशा सर्व खेळांत जे घडते तेच माझ्याही खेळात घडत असे: यानातून पहिली उडी सेनापतीची, पहिली गोळी सेनापतीची, बंद दारे उघडायलाही तोच. मामांनी हे पाच मिनिटे पाहिले.

"ऐंशी मानसं मागं उभी, आन् साब एकलाच दार उघडाय चालला. हा मेला तर?"

"मेला तर खेळ संपतो, मामा."

"मंग त्याला पुढं कावून धाडलंस?"

मी समजावले. खेळ घेणाऱ्या माणसाला पराक्रम हवा असतो. तंबूत नकाशा घेऊन बसण्यासाठी कुणी खेळ घेत नाही. बटण दाबले की त्याच क्षणी काहीतरी घडले पाहिजे. खरी लढाई म्हणजे बहुतांश वाट पाहणे, आणि वाट पाहणे काढून टाकणे हेच तर खेळ रचणाऱ्याचे काम. मामांनी हे सारे अशा शांतपणे ऐकून घेतले की मी मध्येच अडखळले. "नवे लेफ्टनंट साब आले की असंच बोलायचे," ते म्हणाले. "चांगली पोरं असायची. सा महिन्यात हळू बोलाय लागायची."

त्यानंतर रोज सकाळी, जनावरांची गिनती आटोपली की सहा चाळीसला, मामा खोलीत येत, हात धुऊन टेबलाशी बसत आणि माझ्या खेळातला एकेक दोष दाखवत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की ऐंशी माणसांचा स्वयंपाक कुठे होतो. मी एक आचारी घातला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की सैनिकांना फक्त क्रमांक आहेत. नावे देते, म्हटले, तर नको म्हणाले. "आधी गाव लागतंय. नाव मागून कळतं." एका सकाळीत त्यांनी ऐंशी गावे वाटली. सोळा क्रमांक वडवणीचा झाला, सतरा युसूफ वडगावचा, आणि आचारी नारायणगडचा, कारण तिथल्या पंगतीत मामा एकदा पोटभर जेवले होते. चौथ्या दिवशी त्यांनी खोलीबाहेरच्या मातीत अख्खा परग्रह उभारला. फौजेत मोहिमेआधी वाळूचा नकाशा करतात, तसा. टेकड्या शेणाच्या, खाणीच्या जागी दुधाच्या बरणीचे झाकण, आणि आपला तळ म्हणजे एक विटकर. छावणीतली माणसे जाता-येता त्याला वळसा घालून जात. एका कालवडीने शत्रूची अर्धी वसाहत तुडवली तेव्हा मामांनी ती जशी होती तशी पुन्हा बांधून दिली; फुकटचा विजय त्यांना नको होता.

खाणीवर हल्ला मात्र त्यांनी एकदाही केला नाही. टेहळणी करत, पहारे बदलत, वाटा पाहून ठेवत, आणि बरोबर एक्केचाळीस मिनिटांनी साऱ्यांना तळावर आणून बसवत. मी एकदा न राहवून म्हटले, "मामा, बर्फ त्यांच्याकडे आहे." "हाय ना," मामा म्हणाले, "मंजी त्यांला बी तहान हाय." मी हे वाक्य वहीत लिहिले आणि त्यापुढे लिहिले: खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी.

सहाव्या दिवशी त्यांना खेळ थांबवण्याचे बटण दिसले. प्रत्येक खेळात ते असते. माणसाला चहाला उठावे लागते, दारावर कुणी येते. मामांच्या चेहऱ्यावर मात्र असा भाव उमटला, की जणू पहाऱ्यावरचा शिपाई झोपलेला सापडला. "काढ ते. लढाईला थांबायचं बटन नसतंय." मी बजावले की मग सगळे तळावर परतल्याशिवाय खेळ बंद करता येणार नाही आणि मध्ये उठताही येणार नाही. "न्हाई उठणार. उठलो तर बदली मानूस लावीन." बदली माणूस म्हणजे मामी. मामांना छावणीत कुणी हाक मारली की मामी ज्वारीचे सूप घेऊन पडद्यासमोर बसे आणि पाखडता पाखडता ऐंशी सैनिकांवर नजर ठेवी. तिला खेळाचा एकही नियम ठाऊक नव्हता. पण एकदा शत्रू टेकडीमागून येताना तिलाच आधी दिसला आणि तिने जागेवरूनच आवाज दिला, "अहो, पाव्हणे आलेत."

नवव्या दिवशी मामी वडवणीच्या बाजाराला गेली होती.

छावणीत पाण्याचा नियम होता: टँकर आला की आधी मागची ओळ, मग पुढची. मागे अशक्त जनावरे आणि एकट्यादुकट्या बायांची गुरे बांधलेली असत. पुढे, रस्त्यालगत, संचालकांची. त्या दिवशी संस्थेचे चेअरमन पांढऱ्या गाडीतून उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, मागे बॅनर घेतलेली दोन माणसे. त्यांनी टँकर रस्त्यालगतच्या हौदाशी थांबवला आणि पाइप स्वतःच्या हातात घेतला, कारण फोटोत तसे असावे लागते. कोंडाबाई धावत दाराशी आल्या. "सुभेदार, चेअरमन पानी पाजाय लागलेत, लवकर या."

मामा उठले. सतरा क्रमांक तेव्हा टेकडीवर पहाऱ्याला होता. "अर्ध्या घंट्यानं त्याची बदली धाड," त्यांनी मला सांगितले. "तवर बस इथं."

मी सहा मिनिटे बसले. बाहेर आरडाओरडा वाढला तशी माझी नजर दाराकडे वळू लागली. अर्ध्या तासात त्या टेकडीजवळून शत्रू जाण्याची शक्यता शंभरात चार होती. ती मीच ठरवली होती. मी उठले.

बाहेर माझाच खेळ चालू होता. सेनापती सगळ्यांच्या पुढे होता, पाइपाने त्याच्या हातातून उसळी घेतली होती, इस्त्री संपली होती, आणि पाण्याचा वास लागताच म्हशींनी दावी तोडली होती. चिखलाच्या मधोमध मामा उभे होते. ते ओरडत नव्हते. त्यांनी हात वर करून ड्रायव्हरला व्हॉल्व्ह बंद करायला लावला, तीन बायांना तीन दिशा दाखवल्या आणि सुटलेली जनावरे मागच्या ओळीकडे वळवली. वीस मिनिटांत सारे जागेवर आले. अर्धे पाणी मात्र जमिनीत गेले होते आणि मागच्या ओळीला आता दुपारच्या फेरीपर्यंत थांबावे लागणार होते. चेअरमन सदरा पिळत म्हणाले, "ड्रायव्हरची चूक हाय, सुभेदार. पाइप नीट धराय सांगितलं न्हाई त्यानं." मामा ड्रायव्हरला म्हणाले, "जा, आधी च्या पी." मग चेअरमनांची नजर माझ्यावर पडली. "इंजिनिअर बाई, एखादा फोटो काढा की नीट." मी भौतिकशास्त्राची आहे हे सांगण्याइतकी हिंमत त्या उन्हात उरली नव्हती. मी फोटो काढला. तीन काढले.

परतले तेव्हा पडद्यावर सतरा क्रमांक आडवा पडला होता. त्याच्यावर माझ्याच शब्दांत प्रश्न उमटला होता: सैनिक १७ मृत. पुन्हा सुरू करायचे? शंभरात चार म्हणजे शून्य नव्हे, हे मला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

मामा मागे येऊन उभे राहिले. हातांना चिखल होता. मी घाईघाईने म्हणाले, "मामा, एक बटण आहे. 'हो' दाबले की तो टेकडीवर परत उभा राहील."

"कोन उठलं व्हतं?"

"मी."

"तुला बसवलं कुनी?"

"तुम्ही."

"मंग झालं," मामा म्हणाले. "हुकूम मव्हा व्हता." त्यांनी बोट सदऱ्याला पुसले आणि 'नाही' दाबले.

मी बराच वाद घातला. हा खेळ आहे. सैनिक सतरा म्हणजे माझ्या संगणकातली एक ओळ आहे. ती ओळ मी एका मिनिटात परत लिहू शकते, कुणाला कळणारही नाही. मामांनी उरलेल्या एकोणऐंशी जणांना एकेक करून तळावर आणले, बसवले, आणि मग माझ्याकडे वळले. "उद्या यांला कळलं की मेलं तरी परत येतंय, तर मंग मी जपायचं कुनाला?"

त्यानंतर त्यांनी कागद मागितला. माझ्या खेळात सैनिकांना घर नव्हते, त्यामुळे घरी कळवण्याचीही सोय नव्हती. मामांनी संस्थेच्या जुन्या पावतीपुस्तकातला कोरा कागद घेतला, दोनदा लिहून फाडला आणि तिसऱ्यांदा तीन ओळी लिहिल्या. त्या मी वाचल्या आहेत. "आपला मुलगा पहाऱ्यावर जागा होता. त्याची बदली वेळेवर गेली नाही. ही चूक माझी आहे." खाली पूर्ण सही, हुद्द्यासह. पत्ता म्हणून फक्त गाव. घडी घालून त्यांनी तो कागद गिनतीच्या वहीत ठेवला. असे पत्र तुम्ही याआधी कधी लिहिले आहे का, असे मी विचारले. मामांनी वहीला दोरी बांधली आणि मागच्या ओळीला पाणी आले का ते पाहायला गेले.

मामी बाजारातून आली तेव्हा मामांनी तिला दारातच सांगितले. आता ती हसेल आणि माझी सुटका होईल, असे मला वाटले होते. तिने पिशवी खाली ठेवली. "कितवा?"

"सतरा."

"युसूफ वडगावचा," मामी म्हणाली. "लई बोलायचा न्हाई तो."

त्या खेळात कुणीच बोलत नसे.

एकतीस मेची सकाळ उजाडली तेव्हा माझ्यापुढे दहा आकडे होते. मामांना वगळून नऊ जणांची सरासरी बारा मिनिटे. मामा रोज एक्केचाळीस मिनिटे बसत होते आणि अजून एकदाही कंटाळून उठले नव्हते. त्यांचे सगळे दिवस मिळून धरले की सरासरी ऐंशीच्या वर जाई. दहा माणसांची सरासरी मागितली होती आणि मामा दहांपैकी एक होते. नियमात सारे बसत होते. दुपारपर्यंत मी तो तक्ता दोनदा भरला आणि दोनदा पुसला. शेवटी बारा लिहिले आणि खाली टीप दिली: 'क्रमांक सात यांना सरासरीत धरलेले नाही. ते हा खेळ खेळत नाहीत, सांभाळतात.' पाठवून दिले आणि शिकवणीच्या मास्तरांना फोन करून विचारले की जूनमध्ये किती तारखेला यायचे.

तरीही मुलाखतीचे बोलावणे आले. समोर तिघे होते. बारा मिनिटांबद्दल कुणी काही बोलले नाही. तिघांनीही पाऊण तास फक्त क्रमांक सातबद्दल विचारले.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मी अजून त्याच कंपनीत आहे, माझ्या हाताखाली चार माणसे आहेत आणि आमच्या खेळांत दर संध्याकाळी लाखो सैनिक मरतात. नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा सुचवले होते की मेलेला सैनिक परत येऊ नये. आमचे प्रमुख सज्जन आहेत. ते म्हणाले, "माणसे दिवसभर बाहेर हरून घरी येतात. आपणही त्यांना हरवायचे का?" या युक्तिवादात मला आजतागायत चूक सापडलेली नाही. पूर्वी आमच्याकडे मेलेला सैनिक तीन सेकंदांनी उठत असे. गेल्या वर्षी मी तो वेळ दोनवर आणला. त्याबद्दल माझे कौतुक झाले आणि सगळ्यांना पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला वाटले की आपण आता फार जलद बोलतो.

छावणी पावसाळ्यात उठली. माझा जुना लॅपटॉप मी मामांना देऊन टाकला आणि तिथल्या खेळाची नोंद मला पुण्यात मिळत राहिली. वेळ सहा चाळीस, अवधी एक्केचाळीस मिनिटे, झाडलेल्या गोळ्या शून्य. कार्यालयात पोहोचण्याआधी मी ती पाहत असे, जशी काही माणसे राशिभविष्य पाहतात. खाण अजून शत्रूकडेच आहे. मग अवधी वाढू लागला: पन्नास, पंचावन्न, एकदा सव्वा तास. मला वाटले मामा अखेर हल्ल्याची तयारी करत असावेत. मामीने फोनवर सांगितले, "दिसंना झालंय त्यांला. बोट लावून मोजत्यात." काचबिंदू होता, आणि उशीर झाला होता.

लॅपटॉप एस.टी.च्या पार्सलने माझ्याकडे आला, ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत गुंडाळलेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहा चाळीसला मामांचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी वगैरे काही होत नाही. "हां, बोल," ते म्हणतात. मी खेळ उघडते. सगळे तळावर बसलेले असतात, आचारी भांड्यापाशी, बुटांवर धूळ. पडद्याच्या कोपऱ्यात संख्या आपोआप दिसते. पहिल्या रविवारी मी तीच वाचून दाखवली होती. मामा म्हणाले, "आकडा नको वाचू. मोज." म्हणून मी मोठ्याने मोजते, गावासकट. पंधरा. सोळा, वडवणी. मग फोनमध्ये क्षणभर दोन्हीकडे शांतता असते, आणि मग अठरा. शेवटी मामी मागून विचारते की जेवली का सगळी, आणि मी हो म्हणते.

ती एक ओळ मला आजही एका मिनिटात लिहिता येईल. मामांना आता दिसत नाही. गेल्या रविवारी मोजून झाल्यावर मी वहीत तारीख आणि वेळ टाकली आणि पुढे लिहिले: हजर, एकोणऐंशी.